टाकीतला पाचवा हिस्सा

आज आपण पंपावर दहा लिटर पेट्रोल भरलं, तर टाकीत पडतं साधारण आठ लिटर पेट्रोल आणि दोन लिटर इथेनॉल. हे एका रात्रीत झालेलं नाही. २००३ साली नऊ राज्यांत पाच टक्क्यांपासून सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. या वीस टक्केवाल्या इंधनाला ‘ई-२०’ म्हणतात. ‘ई’ म्हणजे इथेनॉल आणि पुढचा आकडा म्हणजे त्याचं शेकडा प्रमाण.

गाडी बिघडेल का, ॲव्हरेज का पडलं, जुन्या स्कूटरचं काय करायचं, असं शेजारीपाजारी मला सारखं विचारतात. मी आधी त्यांना इथेनॉलच्या दोन सवयी सांगतो. एक, ते पाण्याला धरून बसतं. दुसरी, लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. या दोन सवयी लक्षात ठेवून आपण कारखान्यापासून इंजिनापर्यंत जाऊ या. बरीचशी उत्तरं वाटेतच सापडतील.

कारखान्यात

इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, दारूत असतं तेच. साखर कारखान्यात उसाच्या रसाचा पाक आटवून साखरेचे दाणे वेगळे काढले की मागे काळी, चिकट मळी उरते. मळीत अजून साखर असते, पण तिचे दाणे काढणं परवडत नाही. ही मळी पाण्यात पातळ करून तिच्यात यीस्ट सोडतात. पाव फुगवणारे सूक्ष्मजीव ते हेच. ते साखर खातात आणि अल्कोहोल तयार करतात. काही ठिकाणी थेट रसापासूनही इथेनॉल करतात, आणि आता मका व तांदूळ यांपासूनही ते मोठ्या प्रमाणावर निघतं.

आंबलेल्या या द्रवाला डिस्टिलरीत ‘वॉश’ म्हणतात. त्यात अल्कोहोल जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असतं, बाकी बहुतेक पाणीच. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १०० अंशांना. म्हणून वॉश तापवला की वाफेत अल्कोहोल जास्त येतं. ती वाफ थंड करून ते वेगळं काढतात.

इथे पहिली सवय आडवी येते. असं कितीही वेळा तापवलं आणि थंड केलं तरी अल्कोहोल साधारण ९५ टक्क्यांवर अडतं. उरलेलं पाणी ते सोडतच नाही. मग ती वाफ अतिशय बारीक छिद्रांच्या मण्यांमधून नेतात. पाण्याचा रेणू लहान, तो छिद्रात अडकतो. अल्कोहोलचा मोठा, तो पुढे निघून जातो. अशा रीतीने ९९.५ टक्क्यांहून शुद्ध झालेलं इथेनॉलच पेट्रोलमध्ये मिसळतात.

म्हणूनच घरच्या घरी मिश्रण करायचा प्रयोग कधीही करू नये. बाजारात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, सॅनिटायझरमध्ये तर त्याहून जास्त. ते टाकीत ओतणं म्हणजे पैसे देऊन टाकीत पाणी भरणं. शिवाय इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात चटकन दिसत नाही. पेटलेलं कळेपर्यंत हात भाजलेला असतो.

डेपोतून पंपावर

पेट्रोल आणि इथेनॉल पंपावर मिसळत नाहीत. हे काम तेल कंपन्यांच्या डेपोत ठरलेल्या प्रमाणात होतं आणि टँकर तयार मिश्रण घेऊन येतो. पंपावर ते जमिनीखालच्या टाकीत उतरतं.

खरी काळजी इथून सुरू होते. मुसळधार पावसात जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं तर इथेनॉल ते लगेच ओढून घेतं. म्हणून पंपवाल्यांना टाकीत पट्टी सोडून तळाशी पाणी नाही ना, हे तपासावं लागतं. पंप तुंबण्याइतका पाऊस झाला असेल, तर त्या दिवशी आपण तिथे पेट्रोल न भरणं बरं. शंका आली तर फिल्टर पेपरची आणि घनतेची तपासणी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. घनता म्हणजे ठरावीक मापाच्या इंधनाचं वजन. ती त्या दिवशीच्या नोंदीशी ताडून दाखवतात.

आपल्या टाकीत

दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी विरघळून राहू शकतं. वीस टक्क्यांत त्याहून थोडं जास्त मावतं. एवढं पाणी इंधनाबरोबर जळून जातं, कळतही नाही. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. गारठ्यात ही मर्यादा आणखी खाली येते.

माझ्या जुन्या स्कूटरचं नेमकं हेच झालं. पावसाळ्यात ती दोन महिने अंगणात उघड्यावर उभी होती आणि टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं. श्रावणात काही केल्या चालू होईना. मेकॅनिकने तळातलं इंधन नळीने काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली माझ्यासमोर उजेडात धरली. वर केशरी पेट्रोल, खाली बोटभर धुरकट थर आणि दोहोंच्या मध्ये आखल्यासारखी रेघ. “काका, खाली नुसतं पाणी नाही,” तो म्हणाला. “इथेनॉलपण त्याच्याबरोबर खाली आलंय.”

गाडी इंधन ओढते ती टाकीच्या तळाजवळून, म्हणजे इंजिनाला आधी तोच थर मिळतो. अशा वेळी सारखा स्टार्टर मारू नये. वरून नवं पेट्रोल ओतून किंवा बाटलीतलं औषध घालून हे दुरुस्त होईल, अशी आशाही धरू नये. टाकी पूर्ण रिकामी करून धुऊन घेणं हाच उपाय आहे.

दमट हवेमुळे टाकीत पाणी साठतं, अशी भीती पुष्कळांना वाटते. झाकण घट्ट असलेल्या आणि रोज फिरणाऱ्या गाडीत हा प्रश्न जवळजवळ येत नाही. घात होतो तो चिरलेल्या रबरातून आत जाणाऱ्या पावसाच्या पाण्याने. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी भरलेली ठेवावी, गाडी आडोशाला लावावी आणि जमलं तर पंधरा दिवसांनी एक फेरी मारून आणावी.

पाइप आणि फिल्टर

इथेनॉल काही प्रकारच्या जुन्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. पाणी मिसळलेलं असेल तर काही धातूंना गंजही चढतो. म्हणून एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांमध्ये ई-२० सोसणारे पाइप, वॉशर आणि पंप बसवायचे ठरले, आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनाची जुळणीही ई-२० साठीच होऊ लागली.

आपली गाडी कोणत्या गटात बसते, हे ओळखायला दोन जागा बघाव्या: टाकीच्या झाकणाजवळचा स्टिकर आणि गाडीसोबत मिळालेलं पुस्तक. तिथे उलगडा झाला नाही, तर मॉडेल आणि वर्ष सांगून सर्व्हिस सेंटरकडून उत्तर शक्यतो लेखी घ्यावं.

गाडी जुनी असेल तर घाबरून जायचं कारण नाही, पण नजर हवी. सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो का? पाइपच्या टोकाशी ओल आहे का? पाइप वाकवल्यावर त्यावर बारीक भेगा दिसतात का? तिन्हींतलं एक जरी आढळलं तरी पाइप त्याच आठवड्यात बदलावा आणि इथेनॉलला चालणाराच मागावा. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आणखी एक गोष्ट पुष्कळदा चुकते. जुन्या टाकीत वर्षानुवर्षं साठलेला गाळ इथेनॉल सैल करतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. चढावर गाडी दम टाकू लागली की लोक इंजिन उघडायला निघतात. आधी फिल्टर बदलून पाहावा.

इंजिनात

पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला नऊ पटच पुरते, कारण त्याच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. ई-२० ला लागते १३.५ पटींच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त द्यावं लागतं.

इंजेक्शनच्या गाडीत हे आपोआप होतं. धूर जिथून बाहेर पडतो त्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो गाडीतल्या संगणकाला कळवतो, आणि संगणक इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत अशी सोय नाही. तिथे हवा जास्त, इंधन कमी असं होऊन गाडी झटके देते, सकाळी उशिरा सुरू होते. हे मेकॅनिककडून जुळवून घ्यावं लागतं.

एक बाजू इथेनॉलच्या जमेची आहे. त्याचा ऑक्टेन जास्त असतो. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली इंधन अवेळी न पेटण्याची क्षमता. चढावर इंजिनातून येणारा खडखडाट त्यामुळे कमी होतो. पण या गुणाचा पुरेपूर फायदा त्यासाठी जुळवलेल्या इंजिनालाच मिळतो.

ॲव्हरेजचा हिशोब

आता दुसरी सवय. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्याचा पाचवा हिस्सा मिसळला की लिटरमागे साधारण सात टक्के ऊर्जा घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, इथेनॉलविना पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना सहा ते सात टक्के, दुचाकींना तीन ते चार टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींना एक ते दोन टक्के घट धरलेली आहे.

मात्र तुलना कशाशी करतो, हे बघायला हवं. २०२२ पासून आपल्या टाकीत दहा टक्के इथेनॉल होतंच. दहावरून वीसवर जाताना ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. लिटरला १८ किलोमीटर देणारी गाडी या हिशोबाने साडेसतराच्या जवळपास यायला हवी. ती १४ वर आली असेल, तर त्याचं खापर एकट्या इथेनॉलवर फोडून गप्प बसू नये. टायरची हवा, एअर फिल्टर, ब्रेक, प्लग तपासून घ्यावेत.

ॲव्हरेज डॅशबोर्डवर न बघता टाकीवर मोजावं. टाकी पहिल्या टक्‌पर्यंत भरावी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. तीन-चारशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा पहिल्या टक्‌पर्यंत भरावी. किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावं. असं निदान तीनदा केल्यावर येणारा आकडा विश्वासाचा.

आणि दर वेळी भरून झालं की झाकणाच्या रबरावरून एकदा बोट फिरवावं. ते मऊ आणि अखंड लागलं की झाकण घट्ट लावून निघावं. माझ्या स्कूटरला नवं रबर बसवल्यापासून दोन पावसाळे गेले. ती सकाळी पहिल्या किकला सुरू होते.