सर्व्हरसाठी लिनक्स डाउनलोड करताय? आधी ‘पिशवीवरचं लेबल’ वाचा!

मृग जवळ आला की वऱ्हाडातला शेतकरी कृषी केंद्रातून कपाशीची पिशवी घेताना तीन गोष्टी पाहतो. हे वाण आपल्या जमिनीत चालेल का, मुदत संपलेली तर नाही ना आणि सील शाबूत आहे ना. पक्के बिल आणि पिशवीचा टॅग तो हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो. बोगस बियाण्याने एकदा हंगाम गेला की तो परत येत नाही, हे त्याला अनुभवाने कळलेले असते.

त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी अमरावतीत नाहीतर अकोल्यात संगणकशास्त्र शिकते. कॉलेजच्या ग्रंथालयासाठी किंवा गावच्या पतसंस्थेसाठी सर्व्हर उभा करून देण्याची जबाबदारी तिच्यावर येते. अशा वेळी मात्र बहुतेक जण सर्चमध्ये दिसलेली पहिली लिंक दाबतात, नाहीतर मित्राच्या पेन ड्राइव्हवरची फाइल घेतात. सर्व्हर सुरू होतो, काम चालू होते. त्यात काय पेरले गेले, हे दोन वर्षांनी कळते.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा पसारा अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत आहे. छोट्या महाविद्यालयात किंवा संस्थेत सर्व्हरसाठी वेगळा तज्ज्ञ नेमणे परवडत नाही. मोफत मिळणारे लिनक्स आणि बाजूला पडलेला जुना संगणक, यांवरच काम भागवावे लागते. त्यात गैर काही नाही. फक्त योग्य फाइल निवडता आली पाहिजे.

‘आयएसओ’ फाइल म्हणजे काय?

लिनक्सची संपूर्ण इन्स्टॉलेशन डिस्क एका फाइलमध्ये बांधून दिलेली असते. तिला ‘आयएसओ इमेज’ म्हणतात. पूर्वी ती सीडी किंवा डीव्हीडीवर उतरवत, आता पेन ड्राइव्हवर लिहितात. त्या पेन ड्राइव्हने संगणक सुरू केला की इन्स्टॉलेशनचे पडदे एकामागून एक येतात.

सर्व्हर आवृत्ती आणि डेस्कटॉप आवृत्ती यांच्या फाइली वेगळ्या असतात. सर्व्हर आवृत्तीत सहसा खिडक्या, आयकॉन, माउसचा बाण यापैकी काही नसते. इन्स्टॉलेशन संपल्यावर काळ्या पडद्यावर फक्त लॉगिनची ओळ दिसते. अनेकांना वाटते, काहीतरी बिघडले. तसे नसते, सर्व्हर असाच दिसतो.

मुदत का पाहायची?

लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची ठरावीक मुदत असते. ती संपल्यावरही सर्व्हर चालतो, पण नव्याने सापडलेली भगदाडे बुजवायला कोणी येत नाही.

‘सेंटओएस’चे उदाहरण ताजे आहे. रेड हॅटच्या महागड्या लिनक्सचा मोफत अवतार म्हणून जगभरातल्या असंख्य सर्व्हरवर ते वापरात होते. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळतील, असे गृहीत धरले गेले होते. डिसेंबर २०२०मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ला ती मुदत संपली. जुन्या सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली. या फाइली आजही इंटरनेटवर सहज सापडतात. जुन्या व्हिडिओत ‘हेच डाउनलोड करा’ असे सांगितलेले असते आणि नवशिका तेच उतरवतो. मुदत संपलेली पिशवी पेरण्यासारखेच हे आहे.

मग कोणते लिनक्स घ्यायचे?

आधी सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर ठरवा, त्यावरून लिनक्स ठरवा. उलटे करू नका.

* उबुंटू सर्व्हर : आवृत्तीच्या क्रमांकातच तारीख असते. २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीपुढे ‘एलटीएस’ लिहिलेले असते आणि तिला ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात. मधल्या आवृत्त्यांना केवळ ९ महिने. सर्व्हरसाठी एलटीएसच घ्या.
* डेबियन : कोणा कंपनीचे नाही, स्वयंसेवकांनी चालवलेले. डेबियन १२ जून २०२३मध्ये आले, डेबियन १३ ऑगस्ट २०२५मध्ये. प्रत्येक आवृत्तीला ३ वर्षे नियमित आणि पुढे २ वर्षे दीर्घकालीन आधार असतो. हलके आणि स्थिर म्हणून जुन्या यंत्रांवर याला पसंती असते.
* अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स : सेंटओएसची जागा भरून काढायला आलेली ही दोन नावे. एखादे सॉफ्टवेअर ‘रेड हॅटवरच चालेल’ असे पुरवठादार सांगत असेल, तर यांचा विचार करा. दोघांच्या ९व्या आवृत्तीला २०३२पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तकांची देवघेव आणि सूची सांभाळणारे ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर १९९९मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्याची अधिकृत तयार पॅकेजेस डेबियन आणि उबुंटूसाठी असतात. म्हणजे दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या ग्रंथालयाला कोहा बसवायचे असेल, तर रॉकी लिनक्स चांगले असूनही इथे ते घेणे म्हणजे स्वतःचे काम वाढवून घेणे.

आपल्याकडे सी-डॅकने विकसित केलेले ‘बॉस’ हे लिनक्सही आहे. ते डेबियनवर आधारलेले आहे आणि भारतीय भाषांची सोय हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

आमचा प्रोसेसर इंटेलचा, मग ‘एएमडी ६४’ कशाला?

डाउनलोडच्या पानावर सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. ‘एएमडी ६४’ हे ६४ बिटच्या त्या पद्धतीचे नाव आहे, जी आधी एएमडीने आणली आणि नंतर इंटेलनेही स्वीकारली. काही ठिकाणी तिलाच ‘एक्स ८६-६४’ म्हणतात. तुमचा संगणक इंटेलचा असो की एएमडीचा, नेहमीच्या डेस्कटॉपसाठी हीच फाइल लागते.

‘एआरएम ६४’ वेगळे. रास्पबेरी पायसारखे छोटे बोर्ड आणि आपले स्मार्टफोन त्या जातीच्या प्रोसेसरवर चालतात. नाव ओळखीचे वाटले म्हणून ती फाइल घेतली, तर डेस्कटॉपवर ती सुरूच होणार नाही.

जुन्या संगणकावर काय चालेल?

संगणक १५ वर्षांचा असेल, तर इथे नीट लक्ष द्या.

* कोअर टू ड्युओच्या काळातल्या यंत्रावर रॉकी किंवा अल्मालिनक्स ९ चालत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये त्यांना लागणाऱ्या काही सूचनाच नाहीत. अशा यंत्रावर डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर चालू शकते.
* रॉकी १०साठी त्याहून नवा प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारण २०१३मध्ये आलेल्या चौथ्या पिढीच्या कोअर आय-३, आय-५पासून पुढचा. त्या काळातले पेंटियम आणि सेलेरॉन यात बसत नाहीत. अल्मालिनक्स १०ने मात्र थोड्या जुन्या यंत्रांसाठी वेगळी फाइल दिलेली आहे.
* यंत्र ३२ बिटचेच असेल, तर डेबियन १३मध्ये त्याचा इन्स्टॉलर मिळत नाही. डेबियन १२मध्ये मिळतो, पण त्याची दीर्घकालीन मुदत २०२८मध्ये संपते. तेवढ्यात नव्या यंत्राची सोय करा.

एकाच लिनक्सच्या तीन-तीन फाइली, घ्यायची कोणती?

डेटा पॅक आणि नेटचा वेग, या दोन गोष्टींवर हे ठरते.

* नेट इन्स्टॉल : डेबियनची ही फाइल १ जीबीच्या आत असते. बाकीचे सामान इन्स्टॉलेशनच्या वेळी नेटवरून येते. सर्व्हरजवळ ब्रॉडबँडची केबल असेल, तर हीच सोयीची.
* मिनिमल : अल्मा आणि रॉकीमध्ये ही साधारण २ जीबीच्या आसपास असते. नेट नसतानाही मूळ सर्व्हर उभा राहतो.
* पूर्ण डीव्हीडी : याच दोघांची ही फाइल १० जीबीच्या घरात जाते. एकाच फाइलवरून पाच-सहा यंत्रे नेटशिवाय बसवायची असतील, तरच घ्या.

उबुंटू सर्व्हरची फाइल साधारण ३ जीबीची असते. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबी डेटात ती एका दिवसात उतरणार नाही. शिवाय मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की अकोल्यात वीज केव्हा जाईल, सांगता येत नाही. ब्राउझरमधले डाउलोड अर्ध्यावर तुटले, तर अनेकदा पहिल्यापासून सुरू करावे लागते. त्यामुळे अधिकृत पानावरची ‘टॉरेंट’ची लिंक वापरा. टॉरेंट म्हटले की चोरीचे सिनेमे आठवतात, पण लिनक्सच्या संस्था स्वतःच त्या लिंक देतात. वीज गेली, तरी डाउनलोड थांबले तिथून पुढे सुरू होते आणि आलेला प्रत्येक तुकडा आपोआप तपासला जातो.

फाइल कुठून उतरवायची?

उबुंटू डॉट कॉम, डेबियन डॉट ऑर्ग, अल्मालिनक्स डॉट ऑर्ग, रॉकीलिनक्स डॉट ऑर्ग हे मूळ पत्ते. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिराती, ‘फ्री डाउनलोड’च्या साइट आणि व्हिडिओखालच्या ड्राइव्हच्या लिंक टाळा. पत्ता स्वतः टाइप करणे सगळ्यात चांगले.

या संस्थांच्या फाइलींच्या प्रती जगभरातल्या सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. त्यांना ‘मिरर’ म्हणतात. भारतातही आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र विभागासारख्या ठिकाणी असे मिरर चालवले गेले आहेत. जवळचा मिरर निवडला की वेग वाढतो. मात्र मिररपर्यंत अधिकृत पानावरूनच जा.

फाइल खरी आहे, हे कसे ओळखायचे?

२० फेब्रुवारी २०१६ रोजी ‘लिनक्स मिंट’ या लोकप्रिय डेस्कटॉप लिनक्सच्या अधिकृत संकेतस्थळातच घुसखोरी झाली. डाउनलोडची लिंक बदलून लोकांना चोरदरवाजा असलेली फाइल दिली गेली. लोक बरोबर जागी गेले होते, बरोबर बटण दाबले होते, तरीही माल बनावट निघाला. दुसऱ्या दिवशी प्रकल्पप्रमुखांनी स्वतः हे जाहीर केले. सर्व्हरच्या बाबतीत असे झाले, तर विद्यार्थ्यांच्या नोंदी किंवा सभासदांचे खाते तिसऱ्याच्या हाती जाईल.

यासाठी प्रत्येक फाइलसोबत एक ‘चेकसम’ दिलेला असतो. एसएचए-२५६ पद्धतीचा हा चेकसम ६४ अंक-अक्षरांचा असतो. फाइलमधला एक ठिपका बदलला, तरी तो पूर्ण बदलतो. विंडोजवर सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर असेल, तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ निवडा. आलेली ओळ आणि अधिकृत पानावरची ओळ जुळवून पाहा. पहिली आणि शेवटची चार अक्षरे पाहून थांबू नका, पूर्ण ओळ जुळली पाहिजे. अर्धवट उतरलेली फाइलही इथेच पकडली जाते.

आता प्रश्न असा, की संकेतस्थळच फोडले असेल तर चोर चेकसमही बदलू शकतो. म्हणून चेकसमच्या यादीवर संस्थेची डिजिटल सही असते. ‘जीपीजी’ नावाच्या साधनाने ती तपासता येते. घरच्या प्रयोगासाठी एकवेळ चेकसम पुरेल, पण दुसऱ्याचे पैसे किंवा माहिती ज्या यंत्रावर राहणार आहे, तिथे सहीही तपासा. ती पायरी एकदा शिकायला अर्धा तास लागतो.

पेन ड्राइव्हवर कॉपी केली, तरी सुरू का होत नाही?

कारण आयएसओ फाइल कॉपी-पेस्ट करून चालत नाही, ती खास पद्धतीने लिहावी लागते. विंडोजवर ‘रुफस’ किंवा ‘बलेना एचर’ ही मोफत साधने त्यासाठी आहेत. दोन इशारे लक्षात ठेवा. लिहिताना पेन ड्राइव्हवरचे जुने सगळे पुसले जाते. आणि इन्स्टॉलेशनमध्ये ‘पूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निवडला, की संगणकातला जुना डेटाही जातो. कॉलेजच्या जुन्या संगणकात कोणाच्या परीक्षांच्या याद्या पडून आहेत, हे आधी विचारा, बॅकअप घ्या आणि मगच बटण दाबा.

इन्स्टॉलेशन मराठीतून होते का?

डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला त्याने धीर येतो. मात्र पुढे सर्व्हरवरचे चुकीचे संदेश इंटरनेटवर शोधायचे असतील, तर इंग्रजी ठेवलेली बरी. शोधाची उत्तरे त्या भाषेत जास्त सापडतात.

थोडक्यात, बटण दाबण्याआधी

* सॉफ्टवेअर कोणते चालवायचे, ते आधी ठरवा.
* आवृत्तीची मुदत किती वर्षे उरली आहे, ते पाहा.
* प्रोसेसर किती जुना आहे, ते तपासा. डेस्कटॉपसाठी ‘एएमडी ६४’.
* अधिकृत पत्त्यावरूनच उतरवा, शक्यतो टॉरेंटने.
* चेकसम आणि सही जुळवा, मगच पेन ड्राइव्हवर लिहा.
* फाइलचे नाव, आवृत्ती, डाउनलोडची तारीख आणि चेकसम वहीत लिहून सर्व्हरजवळ ठेवा.

ही शेवटची सवय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. सर्व्हर बसवणारा विद्यार्थी दोन वर्षांनी पुण्याला नोकरीला निघून जातो. मागे राहिलेल्या ग्रंथपालाला किंवा संस्थेच्या सचिवाला यंत्रात काय आहे, त्याची मुदत केव्हा संपते, हे त्या एका पानावरून कळते. बियाण्याचा टॅग आपण ज्या कारणासाठी ठेवतो, त्याच कारणासाठी ते पानही जपून ठेवा.