मॅग्नेटला चिकटलेला मागचा प्रयोग

रसायनशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत मॅग्नेटिक स्टिरर असतोच. त्यावर ठेवलेल्या बीकरच्या तळाशी बोटाच्या पेराएवढी पांढरी कांडी गरगर फिरत असते. लॅबमध्ये तिला सगळे नुसतं ‘मॅग्नेट’ म्हणतात. आत चुंबक, वरून टेफ्लॉनचं आवरण. टेफ्लॉनला सहसा काही चिकटत नाही आणि बहुतेक रसायनं त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. त्यामुळे प्रयोग संपला की मॅग्नेट साबणाने घासायचा, ॲसिटोनने विसळायचा आणि डब्यात टाकायचा, अशी सर्वत्र रीत आहे. एका विद्यार्थ्याची पीएचडी संपते, तरी त्याचा मॅग्नेट पुढच्याच्या फ्लास्कमध्ये फिरत राहतो.

मॉस्कोतल्या झेलिन्स्की सेंद्रिय रसायनशास्त्र संस्थेत व्हॅलेंटिन अनानिकोव्ह यांच्या गटाने असे वापरलेले मॅग्नेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. २०१९मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या टेफ्लॉनवर ओरखडे, भेगा आणि खड्डे होते, आणि त्यांत पॅलेडियम, प्लॅटिनम, सोनं यांसारख्या धातूंचे कण अडकून बसले होते. काचेच्या तळावर सतत घासून आवरण झिजतं आणि मागच्या प्रयोगातलं उत्प्रेरक त्या झिजेत शिरतं. नेहमीच्या धुण्याने ते निघत नाही.

यानंतरची चाचणी अधिक बोलकी होती. कार्बनचे अणू एकमेकांना जोडणाऱ्या सुझुकी अभिक्रियेला साधारणपणे उत्प्रेरक म्हणून पॅलेडियम लागतं. याच पद्धतीच्या जोडणीसाठी अकिरा सुझुकी यांना २०१०च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला आणि आज कित्येक औषधं तिच्या आधारे बनतात. संशोधकांनी बाहेरून उत्प्रेरक न घालता, केवळ वापरलेला मॅग्नेट टाकून ही अभिक्रिया करून पाहिली, तर ती पुढे सरकली! म्हणजे ‘उत्प्रेरकाशिवाय अभिक्रिया होते’ किंवा ‘स्वस्त धातूवर काम भागतं’ असा शोध कुणी जाहीर करावा आणि खरं काम मॅग्नेटवरच्या जुन्या पॅलेडियमने केलेलं असावं, असं सहज घडू शकतं. रसायनशास्त्राची विश्वासार्हता अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवर टेकलेली आहे, हे मला फार गंभीर वाटतं.

जीवशास्त्राच्या लॅबमध्ये धोका वेगळा आहे. तिथे व्होर्टेक्स या ढवळण्याच्या यंत्राच्या रबरी कपावर नळी दाबून हलवतात. झाकण सैल असेल तर थेंब कपात उतरतात आणि सूक्ष्म तुषार हवेत जातात. अशा वेळी बरेच जण थेट स्पिरिट किंवा ब्लीच फवारतात, पण क्रम चुकतो. रक्त किंवा प्रथिनांचा थर तसाच असेल तर ब्लीच त्याच्याशीच अभिक्रिया करण्यात खर्ची पडतं. आधी पुसून, धुऊन घाण काढायची, मग निर्जंतुक करायचं. घरगुती ब्लीच नऊ पट पाण्यात ताजं मिसळून दहा मिनिटं पृष्ठभागावर ओलं ठेवायचं आणि शेवटी पाण्याने पुसायचं, नाहीतर धातूचे भाग गंजतात. अल्कोहोल ७० टक्केच हवं. शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं, शिवाय जंतूंची प्रथिनं नीट मोडायला थोडं पाणी लागतंच. बीजाणूंवर मात्र ७० टक्के अल्कोहोलही निरुपयोगी आहे.

यंत्राचा प्लग काढल्याशिवाय हात लावू नये, आणि द्रव यंत्रावर न फवारता कापडावर घ्यावा. मोटरमध्ये ओल शिरली तर यंत्र जातं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आरएनए काढण्याच्या किटमधल्या बफरवर ब्लीच ओतू नये. त्यात बहुधा ग्वानिडिन थायोसायनेट असतं आणि ब्लीचशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू निघतो. कोविडच्या चाचण्यांच्या काळात हे बफर गावोगावच्या लॅबमध्ये पोचले, म्हणून ही सूचना भिंतीवर लावण्याच्या लायकीची आहे.

मॅग्नेटचं काय करायचं? ओरखडे पडलेला किंवा काळवंडलेला मॅग्नेट सरळ टाकून द्यावा. पॅलेडियमच्या कामाचे मॅग्नेट वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवावेत. आणि एखादा निकाल अनपेक्षितपणे चांगला आला, तर लेख पाठवण्याआधी तोच प्रयोग कोऱ्या मॅग्नेटवर करून पाहावा. प्रयोगशाळाप्रमुखांनी त्यासाठी नव्या मॅग्नेटचा खर्च मंजूर करावा. विद्यार्थ्यांना तो मागायला संकोच वाटतो.