यष्टिमधु, पोटॅशियम आणि हृदयाचे एक द्वार

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना विद्युतदृष्ट्या पूर्वस्थितीत यावे लागते. त्यासाठी पेशीतील पोटॅशियम ज्या सूक्ष्म द्वारांतून बाहेर पडते, त्यांतील एक प्रमुख द्वार घडविणारे जनुक म्हणजे केसीएनएच-२. सातव्या गुणसूत्रावरील हे जनुक औषधशास्त्रात ‘हर्ग’ या नावाने अधिक परिचित आहे. (नावाचे मूळ मौजेचे आहे: ईथर दिल्यावर पाय नाचविणाऱ्या फळमाशीवरून ते आले.)

या जनुकातील दोषामुळे आनुवंशिक दीर्घ-क्यूटी विकाराचा दुसरा प्रकार उद्भवतो, हे १९९५ साली सिद्ध झाले. अशा रुग्णास गजर किंवा दूरध्वनी अचानक वाजताच मूर्च्छा येऊ शकते. क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून तरुणाच्या मूर्च्छेस अपस्मार ठरविण्यापूर्वी ईसीजी अवश्य पाहावा.

परंतु आपल्या व्यवसायाशी अधिक निकटचा संबंध आहे तो जन्मजात नव्हे, तर अर्जित दोषाचा. रचनेने परस्परांशी नाते नसलेली कित्येक औषधे हेच द्वार अडवितात. टर्फेनाडीन आणि सिसाप्राइड याच कारणास्तव मागे पडली. सिसाप्राइडवर भारतात २०११ साली बंदी आली. क्लॅरिथ्रोमायसीन व डोम्पेरिडोन मात्र आजही वापरात आहेत.

रक्तातील पोटॅशियम घटले की या द्वारातील प्रवाह वाढण्याऐवजी मंदावतो. येथेच यष्टिमधुचा विचार करावा लागतो. त्यातील ग्लिसिरायझिनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य मूत्रपिंडात कॉर्टिसोल निष्प्रभ करणाऱ्या विकरास रोखते. परिणामी सोडियम साचते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम मूत्रावाटे जाते. अल्पकाळ, योग्य मात्रेत दिलेल्या यष्टिमधुविषयी भय बाळगण्याचे कारण नाही; प्रश्न आहे तो महिनोन्‌महिने चालणाऱ्या मात्रेचा. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ साली नियमित सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही मर्यादा सुचविली. मुळातील त्याचे प्रमाण कमी-अधिक असल्याने केवळ चूर्णाच्या वजनावरून हा हिशेब होत नाही.

अम्लपित्ताचा रुग्ण यष्टिमधु घेतो, वर दुकानातून परस्पर डोम्पेरिडोन नेतो, आणि त्यास रक्तदाबासाठी मूत्रल गोळीही चालू असते. असा रुग्ण आपल्यापैकी कोणास अपरिचित आहे? त्यातच विरेचन दिले अथवा अतिसार झाला, तर पोटॅशियम आणखी घटते. अशा रुग्णाच्या चालू गोळ्यांची नोंद वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनीही ठेवावी. स्नायुदौर्बल्य, धडधड किंवा भोवळ दिसताच यष्टिमधु थांबवून रक्तातील पोटॅशियम तपासावे आणि ईसीजी काढावा. क्यूटीसी ५०० मिलिसेकंदांपुढे असल्यास रुग्णास त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.