नेम चुकतो कोणाचा – पोरीचा की बंदुकीचा?

यवतमाळच्या पाटीपुऱ्यापासून पुसद-उमरखेडपर्यंत आपल्या वस्त्यांतली मुले-मुली पहाटे मैदानावर धावताना दिसतात. कोणाला पोलीस व्हायचे आहे, कोणाला सैन्यात जायचे आहे, कोणी कॉलेजात एन.सी.सी. घेतली आहे. धावणे, गोळाफेक, सामान्य ज्ञान यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पुढे बंदूक हाती येते तेव्हा काय, याविषयी घरात कोणी बोलत नाही, कारण घरात ते कोणाला ठाऊकच नसते. म्हणून आज आम्ही एकाच गोष्टीविषयी लिहीत आहोत. ती म्हणजे रायफलीचे साइट जुळवणे. फौजेत व पोलिसांत याला 'झिरोइंग' म्हणतात.

तसा हा विषय आपल्या समाजाला परका नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेतले. 1890 च्या दशकात महारांची सैन्यभरती इंग्रजांनी बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली, ती 1921 मध्ये मोडली. 1941 साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी झाली. दुसरी तर आपल्या विदर्भात, कामठीला. 1946 मध्ये ही रेजिमेंट मशीनगनची झाली. तिच्या बिल्ल्यावर आजही दोन व्हिकर्स मशीनगन एकमेकींवर आडव्या दिसतात, त्या त्यामुळेच. ज्यांचे आजोबा-पणजोबा ही शस्त्रे चालवीत होते, त्यांच्या नातींना साइट म्हणजे काय हे कळायला अवघड का जावे?

आता मूळ मुद्दा. रायफलीला दोन साइट असतात. डोळ्याजवळची बॅकसाइट, तिला खाच किंवा बारीक भोक असते. नळीच्या टोकाकडची फोरसाइट, तिला टोक असते. डोळा, बॅकसाइटचे भोक, फोरसाइटचे टोक आणि निशाण या चारही गोष्टी एका रेषेत आणणे म्हणजे 'शिस्त घेणे'. उस्ताद लोक 'मजबूत पकड, दुरुस्त शिस्त' असे घोकून घेतात ते यासाठी. नजर मात्र फोरसाइटच्या टोकावर ठेवायची. निशाण थोडे धूसर दिसले तरी चालते. नवशिके नेमके उलट करतात.

याचे कारण साध्या त्रैराशिकाने समजते. समजा दोन साइटमधले अंतर 50 सेंटीमीटर आहे आणि निशाण 100 मीटरवर. म्हणजे निशाण 200 पट लांब. फोरसाइटचे टोक भोकाच्या मध्यापासून फक्त 1 मिलिमीटर सरकले तर गोळी 200 मिलिमीटर, म्हणजे 20 सेंटीमीटर बाजूला जाते. याउलट साइट नीट जुळलेले असताना संपूर्ण बंदूकच 1 सेंटीमीटर बाजूला सरकली, तर गोळी तेवढीच, 1 सेंटीमीटर, बाजूला लागते.

दुसरी गोष्ट, गोळी सरळ जात नाही. सेकंदाला 800 मीटर वेगाने निघालेली गोळी 100 मीटर जाईपर्यंत सुमारे 8 सेंटीमीटर खाली येते. 300 मीटरवर ही घट पाऊण मीटरच्या वर जाते. म्हणून नळी शिस्तीच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते आणि ठरावीक अंतरावर गोळी व शिस्त यांची गाठ पडते. ती गाठ हव्या त्या अंतरावर पाडून घेणे, याचेच नाव झिरोइंग.

हे करायची रीत अशी. रेंजवर, उस्तादाच्या हुकुमाने, टेकू घेऊन, झोपून, एकाच जागी शिस्त घेऊन पाच गोळ्या झाडायच्या. मध्ये साइटला हात लावायचा नाही. मग पाच भोके पाहायची. ती एकमेकांजवळ असली की 'ग्रुप' चांगला. ग्रुपचा मध्य काढायचा आणि तो जिथे हवा तिथपासून किती दूर आहे ते मोजायचे. मग साइट सरकवायची. बॅकसाइट असेल तर गोळी जिकडे न्यायची तिकडेच. फोरसाइट असेल तर त्याच्या उलट. म्हणजे 25 मीटरवर ग्रुप 4 सेंटीमीटर खाली आणि 2 सेंटीमीटर डावीकडे लागला, तर वरच्याच 50 सेंटीमीटरच्या हिशेबाने पट 50 येते. फोरसाइट 0.8 मिलिमीटर खाली आणि 0.4 मिलिमीटर डावीकडे न्यावी लागेल. पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा मोजमाप. एका गोळीवरून साइट हलवणारा माणूस दिवसभर हलवतच बसतो.

इथेच आमचे म्हणणे आहे. पाच भोके एका मुठीत मावतील इतकी जवळ, पण निशाणाच्या खाली डाव्या कोपऱ्यात, असे कार्ड पाहून एका शिबिरात आपल्या वस्तीतल्या मुलीला 'तुझ्याच्याने होणार नाही' असे सुनावले गेले. ती रडत घरी आली. ते कार्ड आम्ही पाहिले आहे. भोके जवळ पडली हे मुलीचे कसब. ती कोपऱ्यात पडली हा त्या रायफलीच्या साइटचा दोष. शिबिरात एकच जुनी रायफल शंभर हातांतून जाते, ती कोणाच्या डोळ्याला जुळवलेली असणार? आई-बापांनो, मुलीने कार्ड आणले तर आधी भोकांतले अंतर पाहा, निशाण नंतर.

साइटला हात लावण्यापूर्वी मात्र बंदुकीचा सांगाडा तपासावा लागतो, अर्थात ती रिकामी असल्याची खात्री करून. जुन्या .303 रायफलीचे लाकूड पावसाळ्यात फुगते, नळीला दाबते आणि ग्रुप जागा सोडतो. स्क्रू ढिले असले तरी तेच. नव्या रायफलींवर नळीभोवतीच्या हँडगार्डवर खाचांची धातूची पट्टी असते, तिला रेल म्हणतात. आपल्या सैन्याने 2019 साली 72,400 सिग 716 रायफलींचा करार केला, त्या अशाच. काही रायफलींत फोरसाइट या रेलवरच बसते. तेव्हा हँडगार्ड किंचित फिरलेला असेल तर फोरसाइटही कलते. 25 मीटरवर कशीबशी जुळवून घेतली तरी लांबवर गोळी बाजूला जाते. मिस्त्री चौकट बसवताना पाणसळ लावतो, तसाच प्रकार. मागच्या आणि पुढच्या रेलवर एकच सरळ पट्टी टेकवून पाहायची; ती डुगडुगली की हँडगार्ड वाकडा. आधी तो सरळ करून घट्ट बसवायचा, मग झिरोइंग. उलट क्रमाने केले तर सगळी काडतुसे वाया. हे काम शस्त्रागारातल्या आर्मररचे आहे, मुलांनी स्वतः पाना घेऊन बसू नये.

हे फक्त नोकरीपुरते नाही. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण लावता येत नाही; साध्या साइटवरच नेम धरावा लागतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतले, ते अशाच साइटवर. त्या वेळी तो रेल्वेत तिकीट तपासनीस होता. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. मुंबईच्या अंजली भागवत एन.सी.सी.तून आल्या आणि 2000 साली सिडनीच्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

सुरुवात 10 मीटर एअर रायफलने करावी. तिथे दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पण जुळवण्याची रीत तीच. सोबत एक वही ठेवावी. तारीख, रायफलीचा नंबर, साइट कुठे होती, ग्रुप कुठे लागला आणि किती मोठा, वारा कोणत्या बाजूने, हे सगळे त्याच दिवशी लिहावे. नोंदीचे महत्त्व आम्हा कारकुनांना कोणी शिकवायला नको! पुढच्या वेळी तीच रायफल हाती आली तर अर्धे काम वहीतच झालेले असते, आणि दुसरी आली तर उस्तादाला विनंती करून पहिल्या पाच गोळ्या ग्रुपसाठीच मागून घ्याव्यात.