गॅझेटियरमधलं शेवटचं प्रकरण

जिल्ह्याचं गॅझेटियर हाती आलं की माणूस पाऊसपाण्याचे तक्ते वाचत बसत नाही. तो थेट शेवटी जातो, गावांच्या प्रकरणात, आणि आपलं गाव शोधतो. बुलढाण्याची अशी दोन गॅझेटियरं आहेत. ए. ई. नेल्सन या इंग्रज अधिकाऱ्याने संपादलेलं 1910 चं, आणि महाराष्ट्र शासनाचं 1976 चं. गावाच्या नोंदीचा साचा सगळीकडे ठरलेलाच: तालुक्यापासूनचं अंतर, लोकसंख्या, बाजाराचा वार, देऊळ, शाळा, दवाखाना.

काही गावांना या साच्याचा त्रास नाही. सिंदखेडराजाला जिजाऊ आहेत, शेगावला गजानन महाराज, लोणारला उल्कापाताचं सरोवर. त्यांची नोंद आपोआप लिहून होते. खरी परीक्षा मेहकरसारख्या ठिकाणी. 1888 साली जमिनीखालून निघालेली बालाजीची मूर्ती घ्यायचीच, त्यात वाद नाही. पण कंचनीच्या महालाचं काय? लोणारच्या कमळजादेवीचा दिवा गच्चीवरून दिसावा म्हणून तिने महाल चढवत नेला आणि देवीच्या कोपाने ती शिळा झाली, असं लोक सांगतात. पुरावा शून्य. माझं मत, ही कथा ठेवावी. फक्त 'सांगतात' हे क्रियापद गाळू नये.

कवी ना. घ. देशपांडे यांचा घोळ निराळा. जन्म 1909 चा, सेंदुरजनचा. वकिली आणि कविता मेहकरात. 'खूणगाठी' या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 1986 साली. दोन्ही गावं हक्क सांगणार. सेंदुरजनला एक ओळ पुरे, परिच्छेद मेहकरला द्यावा. पाळणा कुठे हलला यापेक्षा आयुष्य कुठे गेलं हे मोठं.

आणि खुद्द बुलढाणा? घाटावरची थंड हवा, इंग्रजांनी इथे आणलेलं मुख्यालय, कचेऱ्या. बहुतेक नोंदी इथेच थांबतात. याच गावात 1850 च्या सुमारास ताराबाई शिंदे जन्मल्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून, सत्यशोधक विचारांचे. नवरा घरजावई, मूलबाळ नाही. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं, तेव्हा ताराबाईंनी 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापून घेतली. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. टीका इतकी झाली की जोतीराव फुल्यांना आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेतून ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं. अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं 1975 साली, म्हणजे शासनाचं गॅझेटियर निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी.

पद नाही, देऊळ नाही, इनाम नाही. साच्यात अशा बाईला खणच नाही. त्यात माहितीही तुटपुंजी. मृत्यू 1910 च्या आसपासचा मानतात, म्हणजे नेल्सनचं पुस्तक निघालं त्याच सुमारास. वर्ष पक्कं नाही म्हणून नाव वगळणारा संपादक मला पटत नाही. 'सुमारे' लिहावं आणि पुढे जावं.

तिला 'नामवंत व्यक्ती' अशा वेगळ्या चौकटीतही टाकू नये, कारण मग ती हवामान आणि कचेऱ्यांपासून तुटते. इथे कचेरी होती म्हणून लिहिता-वाचता कारकून बाप होता, आणि त्याने लेकीला मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. बुलढाण्याच्या नोंदीत डेप्युटी कमिशनरची कचेरी आणि ताराबाई एकाच परिच्छेदात यायला हव्यात, कचेरीच्या लगेच खाली.