गाडी ऑइल खाते तेव्हा : धुरावरून करायचं अनुमान

आजचा विषय वाचून काही जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं गॅरेजात काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात अनुमान शिकवलं. न्यायशास्त्रातलं अनुमान शिकवायचं म्हणजे फळ्यावर आधी एक डोंगर काढायचा आणि त्यावर धुराची एक रेघ ओढायची. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणून तिथे अग्नी आहे. का? तर जिथे धूर तिथे अग्नी हे आपण स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. या न चुकणाऱ्या साहचर्याला व्याप्ती म्हणायचं. हे सगळं आम्हाला तोंडपाठ. आणि एके दिवशी आमच्याच गाडीच्या सायलेन्सरातून निळा धूर निघाला, त्यावरून आम्ही अनुमान केलं आणि ते साफ चुकलं. चुकीचे पैसे अर्थात आम्हीच भरले.

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची, सेकंडहँड घेतलेली. वय सोळा वर्षं, मीटरवर सव्वा लाख किलोमीटर. ऑइल कमी व्हायला लागलं. धूर निळा, म्हणजे ऑइल जळतंय. ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. इतकं सरळ. आम्ही गॅरेजात जाऊन तक्रार सांगितलीच नाही, थेट निदान सांगितलं : ‘रिंगा बदलून टाका.’ सांगितलेलं काम त्यांनी चोख केलं. इंजिन खोललं, रिंगा नव्या घातल्या. आमचं एक अख्खं पेन्शन त्यात गेलं. नव्या रिंगा बसायला वेळ लागतो असं ऐकलं होतं, म्हणून महिनाभर वाट पाहिली. पुढे एका सकाळी गाडी सुरू केली, तर मागे तोच निळा ढग.

मग आमच्याच गल्लीच्या टोकाला एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘सर, धूर येतो ते सोडा. कधी येतो, ते सांगा.’

आता हा प्रश्न आम्ही स्वतःला का विचारला नव्हता? आज मुख्यतः हेच बोलायचं आहे.

त्या दिवशी मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही, आम्हाला वही घ्यायला लावली. ‘गाडी ऑइल खाते’ हे विधान म्हणजे अजून काहीच नाही. किती खाते? गाडी सपाट जागेवर उभी करायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून परत घालायची आणि मग वाचायची. प्रत्येक वेळी तीच जागा, तीच पद्धत. पातळी वरच्या खुणेपर्यंत आणायची, मीटरचा आकडा लिहायचा आणि हजार किलोमीटरनंतर परत वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिलिलिटर लागलं ते मोजायचं. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच्या दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतंच. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर लागतो, तो थोडा जळणारच. काही उत्पादक तर हजार किलोमीटरला अर्धा लिटर, क्वचित एक लिटरपर्यंतचा खप चालेल असं म्हणतात. आमचा आकडा निघाला साडेसहाशे मिलिलिटर.

इथे एक फसगत सांगून ठेवतो. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं थोडं पेट्रोल आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो. मग ऑइल घटत असतं आणि पातळी मात्र जागेवर. लांबच्या प्रवासात इंजिन चांगलं तापलं की हे सगळं उडून जातं आणि माणूस म्हणतो, ‘अहो, एका मुंबई फेरीत एवढं ऑइल खाल्लं!’ ते एका फेरीत खाल्लेलं नसतं.

दुसरी फसगत डॅशबोर्डवरच्या तांबड्या दिव्याची. तो ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब सांगतो. वळणावर तो लुकलुकला, तर खालच्या चेंबरमधलं ऑइल इतकं कमी झालंय की पंप मधूनच हवा ओढतोय. तोपर्यंत बेअरिंगांचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं. हजार-दोन हजारांत भागणारं दुखणं पूर्ण इंजिनावर जातं ते असं. म्हणून जुनी गाडी असेल तर दर आठवड्याला डिपस्टिक बघा. दिव्याच्या भरवशावर राहू नका.

मोजून झालं की पुढचा प्रश्न : ऑइल जातं कुठे? वाटा मोजक्या आहेत. बाहेर गळतं, आत जळतं किंवा क्वचित कूलंटमध्ये मिसळतं. शेवटची वाट ओळखायला सोपी. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीत तपकिरी साय दिसते. गळतीसाठी रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा. पण पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून गळती नाही, असं नाही हं. काही गळत्या इंजिन चालू असताना, दाब असतानाच होतात आणि वाऱ्याने ऑइल मागे फेकलं जातं. त्यासाठी इंजिन स्वच्छ पुसून, संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरून एक फेरी मारायची. पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचे पुढचे-मागचे ऑइल सील, ऑइल प्रेशरचा स्विच, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची रबरी रिंग या नेहमीच्या जागा. आमच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरखाली ओल होती, पण ती साडेसहाशे मिलिलिटरची ओल नव्हती.

आता धूर. थंडीच्या सकाळी सायलेन्सरातून पांढरं काही निघतं आणि दोन मिनिटांत विरतं, ती वाफ. दुरून वाफेला किंवा धुळीला धूर समजून अग्नीचं अनुमान करणारा माणूस आमच्या नैयायिकांनीही पाहिलेला आहे. इंजिन तापल्यावरही पांढरं निघत राहिलं आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघायचं. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्याचा ऑइलशी संबंध नाही. निळसर, उग्र वासाचा धूर ऑइलचा. इथपर्यंत आमचं अनुमान बरोबर होतं. चूक पुढच्या पायरीवर झाली. धुरावरून अग्नी कळला, पण अग्नीपर्यंत ऑइल कोणत्या दाराने आलं ते धुराच्या रंगावरून कळत नाही.

दारं मुख्यतः दोन. पिस्टनभोवती साधारणपणे तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब राखतात आणि तिसरी, ऑइल रिंग, भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. हे खालचं दार. वरचं दार व्हॉल्व्हचं. हेडमध्ये व्हॉल्व्हचा दांडा ज्या गाईडमधून वरखाली होतो, त्याच्या तोंडाशी रबराचं छोटं सील असतं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते रबर कडक होतं, दांड्याला धरून राहत नाही. मग रात्रभर गाडी उभी असताना हेडमधलं थोडं ऑइल दांड्यावरून खाली झिरपतं. सकाळी पहिल्या स्टार्टला ते जळतं, निळा ढग येतो आणि थोड्याच वेळात सगळं साफ. रिंगा गेलेल्या असतील तर धूर भार पडल्यावर जास्त येतो. चढावर, जोरात रेस दिल्यावर, आणि येतच राहतो.

आम्ही आठवायला लागलो. सकाळी ढग : हो. चढावर : नाही. आणि मग कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरल्याचा प्रसंग आठवला. उतारभर गाडी गियरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. खाली साखरप्याच्या अलीकडे सपाटी लागली, पाय दाबला आणि आरशात मागचा ट्रक निळ्या ढगात दिसेनासा झाला. मिस्त्रींनी मान डोलावली. ॲक्सिलरेटर सोडला की हवेचं दार बंद होतं, पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात. त्यामुळे इनटेकच्या बाजूला निर्वात वाढतो आणि तो कडक झालेल्या सीलमधून ऑइल ओढून घेतो. घाटभर साठलेलं ते ऑइल सपाटीवर एकदम जळतं.

पण थांबा. बंद थ्रॉटलवरचा तो निर्वात सिलिंडरातही असतो आणि झिजलेल्या ऑइल रिंगेतूनही तो ऑइल वर ओढू शकतो. म्हणजे घाटाखालचा ढग हा एकटा हेतू सव्यभिचार झाला, दोन्हीकडे सापडणारा. सकाळचा ढग, चढावर धूर नसणं आणि घाटाखालचा ढग हे तिन्ही मिळून व्हॉल्व्ह सीलकडे बोट दाखवतात. एकट्या खुणेवर आम्ही इंजिन खोलून बसलो होतो.

याची उलटी बाजूही पाहा. धूर नाही, म्हणून ऑइल जळत नाही, असं म्हणता येईल का? जरा हिशेब करू. हजार किलोमीटर ताशी पन्नासच्या सरासरीने म्हणजे वीस तास. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे धरले तर तीस लाख फेरे, आणि चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे साठ लाख स्फोट. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल जळालं, तरी ऑइलचा एक थेंब सुमारे तीनशे स्फोटांत वाटला जातो. हे एकसारखं जळत राहिलं तर डोळ्यांना दिसेलच असं नाही. त्यात १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तापलेला कन्व्हर्टर ऑइलची वाफ बऱ्यापैकी जाळून टाकतो, आणि ऑइलमधल्या फॉस्फरसमुळे स्वतः हळूहळू निकामी होत जातो. न्यायशास्त्रात यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देतात. गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं, ती उपाधी. ‘तर्कसंग्रह’ शिकवताना हा लोखंडी गोळा आम्ही दरवर्षी फळ्यावर काढला. तो आपल्या बॉनेटखाली आहे, हे लक्षात यायला मिस्त्री भेटावे लागले.

एक स्वस्त संशयित आधीच तपासून घ्यावा. इंजिनच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, त्याला पीसीव्ही म्हणतात. तो उघडाच अडकला तर वायूंबरोबर ऑइलही ओढतो. तुंबला तर पोटात दाब वाढून सगळ्या सिलांतून गळती सुरू होते. बऱ्याच गाड्यांत तो काढून कानाशी हलवला की आत खुळखुळ ऐकू येते. नाही आली तर बदलायचा. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न करता इंजिनं खोलली जातात.

मग प्लग. चारही प्लग काढून ओळीने ठेवा, कोणता कुठला ते लिहून. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी पेट्रोलची, ओला काळा चिकटा ऑइलचा. एकच प्लग चिकट असेल तर दुखणं त्या एका सिलिंडरचं. आमचे दोन चिकट होते.

सगळ्यांचा सर्वांत मोठा विश्वास असतो कॉम्प्रेशनच्या चाचणीवर, म्हणून तिच्याबद्दल थोडं जास्त बोलतो. प्लगच्या जागी गेज लावून दाब मोजायचा. एखाद्या सिलिंडरचा कमी आला, तर चमचाभर ऑइल आत सोडून परत मोजायचा. दाब चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजवली. नाही वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलंय. उत्तम चाचणी आहे. पण ती मोजते काय? वरच्या दोन रिंगांनी राखलेला दाब. तिसऱ्या, ऑइल रिंगबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही. वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनात ऑइल रिंगच्या खाचा कार्बनने बुजतात, रिंग खोबणीत चिकटते, आणि तरी कॉम्प्रेशन झकास येतं. व्हॉल्व्हचं सील तर दाब राखण्याच्या कामातच नसतं. म्हणून कॉम्प्रेशन चांगलं आहे, तेव्हा गाडी ऑइल जाळत नाही, हे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं झालं.

आमच्या गाडीत चारही आकडे एकशे साठ ते एकशे सत्तर पीएसआयमध्ये आले. नव्या रिंगांवर ते येणारच. पण पहिल्या गॅरेजाने काढलेल्या जुन्या रिंगा पिशवीत घालून परत दिल्या होत्या, त्या आम्ही मिस्त्रींना दाखवल्या. त्यांनी एक ऑइल रिंग उजेडात धरली. खाचा मोकळ्या, कार्बन नावाला. ‘सर, ही चिकटलेली नव्हती,’ एवढंच म्हणाले. पहिल्या वेळी हेड उतरलेलं होतं, व्हॉल्व्ह हाताशी होते, सील तेव्हाच किरकोळ पैशांत बदलून झाले असते. पण आम्ही रिंगा मागितल्या होत्या.

या खेपेला हेड उतरवलंच नाही. प्लगच्या भोकातून सिलिंडरात हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरले, स्प्रिंगा दाबून काढल्या आणि सील बदलले. जुनं सील बोटांत दाबलं तर रबर वाकेना, तुकडाच पडला. किंमत आणि मजुरी धरून आधीच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्यातही नव्हती.

मागून एक चिठ्ठी आली आहे : जाडसर ऑइल घातलं तर चालतं का? चालतं, म्हणजे खप थोडा कमी दिसतो. विसाच्या जागी पन्नास घातलं तर सीलमधून झिरपायला त्याला वेळ लागतो. गाडी विकायची असेल तर लोक हेच करतात, तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्यांनी सकाळी, इंजिन थंड असताना जाऊन बघावं; मालकाने आधीच तापवून ठेवलेली गाडी बघू नये. पण निदान व्हायच्या आधी जाड ऑइल घालू नका, खुणा बुजतात. मॅन्युअलमध्ये जे दिलंय तेच घालून आधी हजार किलोमीटर मोजा. आमच्या वहीत सील बदलल्यानंतरची पहिली नोंद एकशे वीस मिलिलिटरची आहे. डिस्ट्रिब्युटरखालची ओल अजून तशीच आहे, पुढच्या महिन्यात ती रिंग बदलून घेणार आहोत.