डोळ्याचे माप : आवाजाने की प्रकाशाने?



ऊस पिकल्याशिवाय तोडायचा नाही, हे आपण जाणतो. पण मोतीबिंदूलाही तोच नियम लावून "हंगाम उरकू द्या, पिकला की काढू" म्हणणारे सातारा-सांगली भागात आजही भेटतात. हा समज सुटावा म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले. त्या काळी मोतीबिंदू काढला की जाड भिंगाचा चष्मा नशिबी येई. डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याची सुरुवात डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली लंडनमध्ये केली. आता भिंग आतच बसते. मात्र त्याचा नंबर ठरविण्यासाठी डोळ्याची लांबी आणि पुढच्या पारदर्शक पडद्याची गोलाई अगोदर मोजावी लागते. मोठ्या माणसाचा डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब. त्यात एक मिलिमीटर चुकला, तर नंबर अडीच-तीनने चुकतो. काट्यात खोट आली की उसाच्या बिलात उतरते, तसेच हे!

मोजण्याच्या रीती दोन. पहिली आवाजाच्या लहरींची, म्हणजे ए-स्कॅन. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी किती वेळाने आला, यावरून खोली कळावी, तसे हे माप. थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि कांडी टेकवतात. हात जड पडला की डोळा दबतो, माप कमी भरते, भिंग जादा ताकदीचे निवडले जाते आणि मग लांबचे धूसर दिसते. डोळ्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून मोजल्यास हा दाब टळतो.

दुसरी रीत प्रकाशाची. ही यंत्रे १९९९ च्या सुमारास आली. हनुवटी टेकवून दिव्याकडे पाहायचे. डोळ्याला काही लागत नाही. माप अधिक बारीक येते. पण मोतीबिंदू पिकून पांढरा झाला, की प्रकाश आरपार जात नाही. नव्या यंत्रांचेही फार दाट मोतीबिंदूपुढे चालत नाही. तेव्हा आवाजाचेच यंत्र कामी येते. ते जुने म्हणून टाकाऊ नव्हे.

म्हणजे थांबण्यात फायदा नाहीच. उलट चांगले माप हुकते आणि शस्त्रक्रियाही अवघड होते. तरी दिसणे अडू लागताच तपासून घ्यावे. माप कोणत्या रीतीने घेतले, पुन्हा घेऊन जुळले का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. काट्यावर उभे राहून वजन पाहतो, मग इथे संकोच कशाला?